मैनेचं अर्धं गाणं

आधीच साफ सांगतो. अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ला नुसती प्रेमाची लावणी म्हणणारा रसिक खिसेकापू आहे. ऑर्केस्ट्रावाला मैनेचं रूप घोळवून घोळवून म्हणतो अन् टाळी पडली की थांबतो. पुढं मुंबईतली बेकारांची गर्दी येते, ती नको. त्याच्याही पुढं संयुक्त महाराष्ट्राचा लढा येतो, बायकोची अन् तुटलेल्या बेळगाव-कारवारची ताटातूट एक होते, ते तर मुळीच नको.

मी जिनिंगातला कामगार. आमच्याकडं रुई निघते अन् सरकी बाजूला पडते. पण उगवते ती सरकी.

हा धंदा जगभर चालतो. क्युबात ‘ग्वांतानामेरा’ हे गाणं आहे, म्हणजे ग्वांतानामोची पोरगी. होसेइतो फर्नांडेझ त्या चालीवर रेडिओत रोजच्या घडामोडी गायचा, अगदी आपल्या शाहिरावाणी. पुढं त्याच चालीत होसे मार्तीच्या ओळी बसवल्या. हा कवी १८९५ साली स्पेनशी लढताना पडला, अन् त्या ओळींत तो गरिबांच्या बाजूनं उभा आहे. १९६३ साली पीट सीगरनं ते गाणं अमेरिकेत म्हटलं. आता हॉटेलात टुरिस्टाला पोरगी तेवढी ऐकू येते. त्याच ग्वांतानामोत १९०३ पासून अमेरिकेचा आरमारी तळ आहे, २००२ पासून तुरुंगही.

आपल्यातलेही काही शहाणे म्हणतात, अण्णा भाऊ लाल बावट्याचा, आपल्याला काय त्याचं? अरे, ‘फकिरा’ त्यानं बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, ते पान तरी उघडा!

माझं भांडण पुढचं आहे. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मुलूख जुळला म्हणून ढोल वाजले. अन् १९७८ साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला, तर ह्याच जुळलेल्या मराठवाड्यात, ह्याच मराठीत शिव्या देत, आमची घरं जाळली. पोचीराम कांबळेंना मारलं. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, अन् तोही नामविस्तार! बेळगाव लांब आहे गड्या. गोरेगावची वेस अन् आपली वस्ती ह्यांतलं अंतर कोणत्या आयोगानं मोजलं?

येत्या १ ऑगस्टला डीजे लावायचा तर लावा. पण मैना म्हणायची तर बेळगावपर्यंत म्हणा. अन् १९७८ चं कडवं आपल्यातल्याच कुणीतरी लिहायला घ्या. कागद मी देतो.