सहल कोणाची?

आदिलाबादला पाहण्यासारखे काय आहे, असा प्रश्न आम्ही एकदा आमच्या वर्गास विचारला होता. एकाने रेल्वे स्टेशन सांगितले, दुसऱ्याने कापसाचा बाजार सांगितला. आणि एरवी वर्गात फारसे न बोलणाऱ्या तिसऱ्याने "काही नाही, सर" असे म्हणून विषयच संपविला. याच मुलांस हैदराबादचा चारमिनार, गोवळकोंड्याचा किल्ला आणि रामोजी फिल्म सिटी ही नावे मात्र तोंडपाठ होती. त्यांपैकी कितीजणांनी ती स्थळे प्रत्यक्ष पाहिली, असे विचारताच चार हात वर झाले.

मुलांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. आमची मातृभाषा कोंकणी. बालपण समुद्राच्या काठी गेले. आमची आजी जन्मभर दर्याची गाज ऐकत निजली, परंतु समुद्र पाहावयास म्हणून ती कधी घराबाहेर पडल्याचे आम्हांस स्मरत नाही. दूरदूरचे पाहुणे वाळूत बसून सूर्यास्त पाहू लागले की ती म्हणे, "तो तर रोजच बुडतो!" आम्हीही दूधसागरचा धबधबा पाहिला तो पदवीधर झाल्यावर, परगावच्या मित्रांच्या आग्रहास्तव. तेव्हा घरच्या अंगणातील वस्तू न दिसणे हा काही एकट्या आदिलाबादकरांचा दोष नव्हे.

परंतु आज आम्ही लेखणी उचलली ती निराळ्या कारणासाठी. मागील एका वर्षी शाळेची सहल दूरच्या शहरी गेली. वर्गणी ठरली, नावे मागविली, आणि यादी फलकावर लागली. यादीत एका हुशार मुलीचे नाव नव्हते. आम्ही सहज कारण विचारले तर ती म्हणाली, "सर, मला गाडी लागते." आम्ही ते खरे मानले. पुढे केव्हातरी तिच्या मैत्रिणीकडून कळले की हीच मुलगी दर दिवाळीस बसच्या मागील बाकावर बसून चार तासांचा प्रवास करून मामाकडे जाते. तिला गाडी लागत नव्हती; वर्गणी लागत होती.

सहलीच्या दिवशी ज्यांची नावे यादीत नसतात त्यांस शाळेला सुटी नसते, ही गोष्ट पालकांपैकी अनेकांस ठाऊक नसेल. ती मुले त्या दिवशी शाळेत येतात. दोन तुकड्या एकत्र करून त्यांस एका वर्गात बसवितात, आणि कोणीतरी शिक्षक त्यांच्याकडून शुद्धलेखन लिहवून घेतो. दुसऱ्या दिवशी सहलीची मुले परत येतात आणि आठवडाभर त्यांच्या गोष्टी चालतात. यांनी त्या ऐकावयाच्या. आम्ही स्वतः त्या सहलीबरोबर गेलो होतो, खिडकीजवळची जागा पटकावली होती, आणि मागे राहिलेल्यांचा विचार परतीच्या वाटेवरसुद्धा आमच्या मनात आला नाही, हे येथे सांगून टाकणे आम्हांस बरे वाटते.

आमचे म्हणणे एवढेच की, ज्या सहलीस वर्गातील प्रत्येकजण येऊ शकेल अशीच सहल शाळेने काढावी. आणि अशा सहलीची स्थळे आपल्या जिल्ह्यात आणि जिल्ह्याच्या उंबरठ्यावर भरपूर आहेत.

आपले शहर डोंगरांच्या मुलखात वसले आहे. सह्याद्रीची जी ओळ सातमाळा व अजिंठा या नावांनी पूर्वेकडे येते, तिचेच शेवटचे डोंगर निर्मळच्या बाजूस आपल्याला भेटतात. आम्हां कोकणच्या बाजूच्या लोकांस सह्याद्री म्हणजे आभाळास टेकलेली भिंत. येथे ती भिंत म्हातारी होऊन खाली बसल्यासारखी वाटते. तिच्या अंगाखांद्यावर साग वाढला आहे आणि सांदीसांदीतून पाणी उतरते आहे. त्या पाण्याची सर्वांत मोठी उडी म्हणजे कुंतलाचा धबधबा. कडम नदी येथे १४७ फुटांवरून, म्हणजे सुमारे ४५ मीटर खाली, खडकांच्या पायऱ्यांवरून कोसळते. महामार्गावरील नेरडिगोंडा गावापासून हे ठिकाण १२ किलोमीटरांवर आहे. दुष्यंताची शकुंतला येथे आली होती म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात; तेलुगूत कुंट म्हणजे तळे, त्यावरून नाव आले असेही दुसरे म्हणतात. आम्हांस दुसरे मत अधिक पटते, पण मुलांस पहिले आवडते, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. शिवरात्रीस येथे सोमेश्वराच्या दर्शनास मोठी गर्दी लोटते. त्याहून लहान परंतु रुंद आणि पोटात घोंगावणारा असा पोचेराचा धबधबा बोथच्या बाजूस आहे. म्हाताऱ्या माणसांस कुंतलाच्या पायऱ्यांपेक्षा पोचेरा सोपा.

येथे एक गोष्ट कठोरपणे सांगावी लागते. कुंतलाच्या डोहात पोहावयास उतरलेले कित्येक तरुण वर आलेले नाहीत. पाणी वरून शांत दिसते, खाली खडकांच्या कपारी आहेत. डोहात उतरणार नाही असे वचन जो देत नाही त्यास घरी ठेवावे, मग तो पोहण्यात कितीही पटाईत असो.

ज्यांस देवळे आवडतात त्यांनी जैनथला जावे. शहरापासून सुमारे २१ किलोमीटरांवर काळ्या दगडातील लक्ष्मीनारायणाचे जुने देऊळ आहे आणि कार्तिकात तेथे उत्सव भरतो. परमार घराण्यातील जगद्देव याच्या काळचा एक शिलालेख या गावी मिळाला आहे. त्याच्या एका अधिकाऱ्याच्या पत्नीने, पद्मावती नावाच्या बाईने, देवालय बांधविल्याची नोंद त्यात आहे. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी एका स्त्रीने आपल्या नावाची आठवण दगडावर ठेविली, हे आमच्या मुलींनी पुस्तकात वाचण्यापेक्षा तेथे उभे राहून ऐकावे. बासरच्या सरस्वतीविषयी आम्ही लिहीत नाही, कारण पाटीपूजनासाठी सर्वजण तेथे जाऊन आलेलेच असतात. आणि २०१६ साली आपल्या जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाल्यापासून ते निर्मळ जिल्ह्यात गेले आहे.

उलट, पश्चिमेकडे पाहावे. किनवट तालुका १९५६ सालापर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता. राज्यांची पुनर्रचना झाली आणि तो नांदेडकडे गेला. नकाशावरची रेघ बदलली, तरी आगगाडीचे रूळ पूर्वीच्याच जागी आहेत. आदिलाबादहून मुदखेडकडे जाणारी गाडी जंगलातून किनवटला जाते, आणि त्याच मार्गावर सहस्रकुंड नावाचे स्टेशन आहे. तेथे पैनगंगा काळ्या खडकांवरून उडी घेते. किनवटच्या बाजूस उनकेश्वरची उन्हाळी आहेत, आणि आणखी पुढे माहूरच्या गडावर रेणुकामाता. साध्या गाडीच्या दुसऱ्या वर्गाचे तिकीट काढून खिडकीतून जंगल पाहणे, हीच आमच्या मते अर्धी सहल होय.

आता खर्चाचे. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात राहणाऱ्या स्त्रियांस आणि मुलींस राज्याच्या साध्या व एक्सप्रेस बसमधून राज्याच्या हद्दीपर्यंत विनामूल्य प्रवास करता येतो. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्राच्या एस. टी.त १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस निम्मे तिकीट आहे. म्हणजे आजी, आई, वडील, एक मुलगी आणि एक मुलगा असे कुटुंब नेरडिगोंड्यास निघाले तर तिकिटे दोनच काढावी लागतात. पुढे धबधब्यापर्यंत सामाईक रिक्षा करावी. आईने बांधून दिलेली ज्वारीची भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असली, म्हणजे तेथील दुकानांपुढे मुलांनी हट्ट धरण्याचे फारसे कारण उरत नाही. पूर्वी घरात पैसे कमी पडले की प्रथम आजीचे आणि मग आईचे जाणे रद्द होत असे. आता हिशेब उलटा झाला आहे. एका घरी तर वडीलच म्हणाले, "तुम्ही जाऊन या, माझे तिकीट कशाला?" हे ऐकून आम्हांस हसू आले, आणि जरा बरेही वाटले.

हा हिशेब आम्ही मोठ्या उत्साहाने पालकसभेत मांडला. तेव्हा मागे बसलेल्या एका बाई उठून म्हणाल्या, "सर, धबधबा काही पळून जात नाही. कापूस मात्र पावसात भिजतो." सभा हसली आणि आम्ही खाली बसलो. तिकीट फुकट झाले म्हणून दिवस फुकट होत नाही, ही गोष्ट मासिक पगार घेणाऱ्या आमच्या लक्षात आलीच नव्हती. शाळा ज्या दिवसांत सहली काढते, त्याच नोव्हेंबर-डिसेंबरात शेतात वेचणी चालू असते. घरातील प्रत्येक हाताची त्या दिवसांत मजुरी ठरलेली असते. एक दिवस बाहेर गेले म्हणजे दोन-तीन माणसांचा रोज बुडाला, आणि तो रोज बसच्या तिकिटाहून कितीतरी मोठा.

त्या बाईंनीच पुढे मार्गही सुचविला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीच्या दिवशी, शेतावर कोणी जात नाही. बैल विसावलेले असतात, घरात आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या शिल्लक असतात, आणि श्रावण नुकताच सरल्यामुळे नद्या भरलेल्या असतात. त्या दिवशी गेले तर रोज बुडत नाही. पाणी अधिक असल्याने वरूनच पाहावे लागेल, हे खरे. पण आमच्या पंचांगातील हा दिवस आम्हांस सुचला नाही, तो त्या बाईंस सुचला.

नागोबाच्या जत्रेविषयी मात्र आम्ही दोन शब्द अधिक लिहिणार आहोत. पौष अमावास्येस इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला ही जत्रा भरते, आणि तिकडे जाणाऱ्या बस तुडुंब भरलेल्या असतात. मेश्राम कुळातील गोंड लोक तत्पूर्वी पायी गोदावरीच्या हस्तिनमडुगू या ठिकाणी जातात आणि तेथून पूजेचे पाणी घेऊन येतात. सिरिकोंड्याचे कुंभार पूजेची मडकी घडवितात. आणि कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी ओळख करून देतात, तिला भेटिंग म्हणतात. १९४० नंतरच्या काळात मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने या जत्रेत दरबार भरू लागला. अधिकाऱ्यांनी तेथे येऊन आदिवासींची गाऱ्हाणी ऐकावयाची, हा त्याचा हेतू. इतके सर्व जेथे घडते तेथे आमची काही मंडळी केवळ पाळण्यात बसून, गोडी शेव खाऊन आणि पूजेस बसलेल्या माणसांच्या तोंडाजवळ मोबाइल नेऊन परत येतात. आमच्या वर्गात मेश्राम आडनावाचा विद्यार्थी असेल तर त्यास हे पाहून काय वाटत असेल? जत्रेस अवश्य जावे, परंतु पाहुण्याने जावे तसे जावे. वाटेवर इंद्रवेल्लीचा स्तूप दिसेल. २० एप्रिल १९८१ रोजी तेथे जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारने मृतांचा आकडा १३ सांगितला, लोक तो याहून पुष्कळ मोठा सांगतात. मुलांनी विचारले तर टाळू नये. आम्ही एकदा टाळले होते. तेव्हा मागील बाकावरील एका मुलाने ती गोष्ट आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकली तशी सर्व वर्गास सांगितली, आणि ती आमच्या माहितीपेक्षा अधिक होती.

आमच्या मताविरुद्ध एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. काही पालक म्हणतात, "कुंतला आम्ही केव्हाही दाखवू. हैदराबाद मात्र आमच्या मुलास शाळेखेरीज कोण दाखविणार?" हे बोलणारे श्रीमंत पालक नव्हेत, उलट वर्षभर पैसे बाजूला ठेवून वर्गणी भरणारे आहेत. सालारजंग संग्रहालयातील घड्याळापुढे उभ्या असलेल्या एका मुलाचा चेहरा आम्ही पाहिला आहे. त्याचा तो आनंद आम्हांस हिरावून घ्यावयाचा नाही. म्हणून आम्ही असे सुचविले आहे की, आठवी व नववीच्या सहली जिल्ह्यातच निघाव्यात, आणि दूरची सहल दहावीस एकदाच व्हावी; तिच्यासाठी आठवीपासून दरमहा थोडी रक्कम सर्वांनी जमा करावी, ज्यास जमत नाही त्याचा वाटा न बोलता इतरांनी उचलावा, आणि यादी फलकावर लावूच नये. शेवटच्या कलमावर शिक्षकांत मतभेद आहे. यादी न लावता हिशेब कसा ठेवावा, असे कचेरीतील मंडळी विचारतात, आणि त्यांचेही काही चुकत नाही.

तूर्त एवढेच ठरले आहे की, येत्या करीच्या दिवशी, हवामान पाहून, ज्यांस यावयाचे असेल त्या सर्व घरांनी सकाळी सात वाजता बसस्थानकावर जमावे. बरोबर पाण्याची बाटली, फडक्यात बांधलेले जेवण आणि स्त्रियांनी व मुलींनी आपले आधार कार्ड आणावे. कार्ड विसरल्यास तिकीट काढावे लागेल. आजींस घेऊन येणाऱ्यांनी आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे पोचेऱ्याकडे जाणारी रिक्षा आधी सांगून ठेवता येईल.