दोन पट्ट्यांमधली फट

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी आमच्या आईचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. कपाटातली पितळी डबी बाहेर निघते, डबीतले सात चांदीचे रुपये ताटलीत येतात, आणि भिजवलेल्या चिंचेचा गोळा घेऊन आई एकेकाला असे घासते, की व्हिक्टोरिया राणीला उभ्या जन्मात असे न्हाणे मिळाले नसेल. गेल्या दिवाळीत तिने पहिला रुपया हातात घेतला मात्र, आणि माझा भाचा ओरडला, "आजी, थांब! चिंच लावू नकोस!"

आईला वाटले, चिंचेत विंचूच निघाला. तिने ताटली दूर ढकलली.

हा भाचा न्यू जर्सीत वाढलेला. वय बावीस, आणि नाणी जमवण्याचा नाद. त्याने खिशातून भिंग काढले, सातही रुपये उजेडात तिरपे धरून पाहिले आणि एखाद्या डॉक्टराने नातेवाइकांना बाजूला घ्यावे तसे मला बाजूला घेतले. "मामा, सगळे घासलेले आहेत. वर्षानुवर्षं."

आता त्या सातांमध्ये एक आमच्या घराण्याचा मानबिंदू आहे. १९११ सालचा, पंचम जॉर्जचा. राजाच्या अंगावरच्या माळेत हत्ती कोरलेला आहे. पण सोंड आखूड पडल्यामुळे तो लोकांना डुक्कर वाटला. हिंदुस्थानात त्यावरून गहजब झाला. बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि १९१२ साली हत्तीची सोंड दुरुस्त करण्यात आली. बाहेर राहिलेल्या थोड्या नाण्यांपैकी एक आमच्याकडे, असे वडील अभिमानाने सांगत. डबीत त्यांच्या हातची चिठ्ठी अजून आहे : 'दुर्मिळ. अडीअडचणीसाठी.'

ती अडचण त्यांच्याच आजारपणात आली. बारा वर्षे झाली त्याला. मी हा रुपया रुमालात गुंडाळून एका सराफाकडे नेला. त्याने तो न पाहताच काट्यावर टाकला आणि चांदीचा भाव सांगितला. मी हत्तीची हकीगत सांगू लागलो, तर म्हणाला, "मास्तर, घासलेला आहे." एवढेच. मी रुपया उचलून तणतणत घरी आलो, पैसे दुसरीकडून उभे केले, आणि पुढे बारा वर्षे त्या दुकानावरून जाताना रस्ता बदलत राहिलो. 'घासलेला' हा शब्द मला सराफाची लबाडी वाटला होता. आज भाचा नेमका तोच शब्द उच्चारत होता, आणि त्याला तर माझ्याकडून काही विकत घ्यायचे नव्हते.

माझा चेहरा पाहून असेल, त्याने आपली दोन नाणी काढून समोर ठेवली. पारदर्शक प्लास्टिकच्या मोहोरबंद डब्यांत बसवलेली, अमेरिकेची दहा सेंटांची. एकावर १९४४ आणि दुसऱ्यावर १९४५. आकाराने आपल्या टिकलीएवढी म्हणा ना. व्यास जेमतेम १८ मिलिमीटर. एका बाजूला पंखांची टोपी घातलेली स्वातंत्र्यदेवता. लोकांनी तिला रोमन देव मर्क्युरी समजून नाण्याचेही तेच नाव पाडून टाकले. हत्तीचे डुक्कर करणारे लोक सगळ्या देशांत असतात!

"मागची बाजू बघा," भाचा म्हणाला. मागे काठ्यांची एक मोळी, तिच्यात कुऱ्हाड, आणि मोळी बांधलेल्या आडव्या पट्ट्या. मधल्या दोन पट्ट्या भिंगातून पाहायच्या. १९४४ च्या नाण्यावर त्या दोन पट्ट्यांमध्ये स्वच्छ फट दिसत होती. १९४५ च्या नाण्यावर दोन्ही मिळून एक झाल्या होत्या. बाकी दोन्ही नाणी सारखीच कोरी, सारखीच चकचकीत.

ती फट म्हणजे सगळा मामला. डबीवरच्या चिठ्ठीत अंकानंतर दोन अक्षरे जास्त छापलेली असतात : एफ.बी., म्हणजे 'पट्ट्या पूर्ण'. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १९४५ साली ही नाणी पाडली १५ कोटी ९१ लाख ३० हजार. दुर्मिळ म्हणायची सोयच नाही. साधे कोरे नाणे थोड्याशा डॉलरांत मिळते. पण याच साली याच टांकसाळीत पडलेले आणि पट्ट्या पूर्ण उमटलेले नाणे मात्र हजारो डॉलरांना जाते, कारण ते जवळजवळ सापडतच नाही. मोळीच्या बरोबर उलट बाजूला देवतेचा उंच कोरलेला मुखवटा. दोन साच्यांमधली चांदी आधी तिकडे धावते. दाब थोडा कमी पडला किंवा साचा झिजलेला असला, की पट्ट्यांच्या वाट्याला धातू पुरत नाही. युद्धाचे दिवस, नाण्यांची मागणी अफाट. पट्ट्यांकडे पाहतो कोण! उलट डेन्व्हरच्या टांकसाळीचे १९१६ चे हेच नाणे अवघे २ लाख ६४ हजार निघाले. ते पार झिजलेले असले तरी लोक जपून ठेवतात. म्हणजे एक नाणे जात्याच दुर्मिळ, आणि दुसरे केवळ एका फटीपुरते.

अशी विशेषणे त्यांच्याकडे बरीच आहेत. फ्रँकलिनच्या अर्ध्या डॉलरवर घंटेच्या तळाच्या रेघा अखंड हव्यात. जेफरसनच्या पाच सेंटांवर त्याच्या वाड्याच्या पायऱ्या मोजून घेतात, पाच की सहा! मूळ गुण मात्र १ ते ७० असे दिले जातात. शंभर का नाहीत, असे मी मास्तराच्या सवयीने विचारले. हे प्रमाण १९४९ साली डॉ. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने आपल्या पुस्तकात मांडले. ओळखण्यापुरते उरलेले सेंटाचे नाणे १, तर निर्दोष नाण्याची किंमत त्याच्या सत्तर पट, असा तेव्हाचा हिशेब. किमतीचा हिशेब केव्हाच मोडला, ७० हा आकडा राहिला. या शेल्डनसाहेबांनी न्यूयॉर्कच्या नाणकशास्त्र संस्थेतली शंभराहून अधिक उत्तम नाणी गुपचूप उचलून त्यांच्या जागी हलकी नाणी ठेवली होती, हे त्यांच्या निधनानंतर उघडकीस आले. दर्जाची पारख त्यांना होती, यात मात्र शंका नाही.

भाच्याने पुढे जे सांगितले, त्याने माझी खरी करमणूक झाली. नाण्याला ६४ गुण मिळाले, की काही मालक डबी फोडून तेच नाणे पुन्हा तपासायला पाठवतात. कदाचित ६५ मिळतील म्हणून. एकच नाणे तीनतीनदा मोजले जाते आणि 'अशी नाणी किती' या याद्या फुगतात. आमच्याकडे पुनर्तपासणीचे अर्ज येतात, ते याहून वेगळे कुठे असतात? एकोणसाठ गुणांची उत्तरपत्रिका हातात घेऊन मी कित्येकदा एका गुणाची फट शोधत बसलो आहे. कधी सापडली, कधी नाही. न सापडलेल्यांची नावे अजून आठवतात.

आणि दुर्मिळता तरी कायमची कुठे असते? न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीचा १९०३ चा कोरा चांदीचा डॉलर १९६२ पर्यंत दीड हजार डॉलरांच्या घरात गेला होता. त्या वर्षाच्या शेवटी सरकारी तिजोरीतून त्याच डॉलरांची पोतीच्या पोती निघाली, आणि भाव काही डॉलरांवर आपटला. नाणे होते तेच. फक्त पोत्याचे तोंड सुटले.

आपल्या नाशिक जिल्ह्यातही असे पोते सुटले होते, हे मी भाच्याला तितक्याच ऐटीत ऐकवले. १९०६ साली जोगळटेंभीला नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने राजाच्या चेहऱ्यावरच आपला ठसा मारलेला आहे. तुमच्या त्या डबीवाल्यांनी त्यांना काय गुण दिले असते? पण नहपानाचे राज्य गौतमीपुत्राने घेतले, याचा धातूत उमटलेला पुरावा त्या खराब केलेल्या चेहऱ्यांवरच आहे.

"ते वेगळं, मामा," भाचा म्हणाला. "ती दोन राजांची गोष्ट झाली. चिंचेची कसली गोष्ट?"

आमच्या रुपयाला त्या मंडळींकडून अंक मिळत नाही. नाणे खरे असल्याचे लिहितात आणि पुढे 'साफ केलेले' असा शेरा मारतात. शिवाय परत घेतलेल्यांतूनही हे रुपये बरेच निसटले होते, त्यामुळे तो वडील समजत तेवढा दुर्मिळही नव्हता. हे त्याने अगदी हळू सांगितले. मला तो सराफ आठवला. त्या दुकानावरून जायला आता हरकत नव्हती.

आई इतका वेळ चिंचेचा गोळा हातात धरून बसली होती. तिने विचारले, "मग धुवू की नको?"

आम्ही दोघेही गप्प. ती म्हणाली, "पारोशी लक्ष्मी पाटावर बसवायची का मी? माझ्या सासूबाई घासायच्या, त्यांच्या सासूबाई घासायच्या."

आणि तिने घासायला सुरुवात केली. हत्ती-डुकराला जरा जास्तच घासले, असे मला वाटले.

संध्याकाळी पाटावर सात रुपये लखलखत होते. भाच्याने काय मनात आणले कोण जाणे, आपली १९४४ ची डबी त्यांच्या शेजारी नेऊन ठेवली. आईने सगळ्यांना हळदकुंकू वाहिले. त्या डबीलाही, बरोबर गुणांच्या आकड्यावर. भाचा परत गेला तेव्हा मी ओल्या फडक्याने ती पुसायला घेतली, तर माझा हात धरून म्हणाला, "राहू दे, मामा. घासू नकोस."