म्हणे, निसर्गाचा कोप!

घाटात दरड कोसळली की दुसऱ्या दिवशी ठरलेले शब्द कानी येतात: 'निसर्गाचा कोप'! वाचकहो, याहून सोयीची पळवाट मराठीत दुसरी नसेल. कोप म्हटला की चौकशी संपली!

सह्याद्रीचा कातळ म्हणजे लाव्हाचे थरावर थर. त्यांत उभ्या-आडव्या चिरा. अधूनमधून लाल मातीचा पट्टा, भिजला की मऊ पडणारा. असा डोंगर पायथ्याशी तोडून आपण रस्ता नेतो. पावसात चिरांत पाणी साठते, ते आतून रेटा देते. चिरांचा उतार रस्त्याकडे असला, तर धोंडा रस्त्यावरच येणार! हा उतार मोजता येतो. भेग रुंदावते काय, तेही पाहता येते. दिवाळीचा किल्ला करणाऱ्या पोरालासुद्धा ठाऊक असते, की उभ्या कड्यावर पाणी ओतले तर बुरूज ढासळतो.

२२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरडीमुळे कोकण रेल्वेची गाडी घसरून पन्नासहून अधिक माणसे गेली. १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ पुन्हा तेच. आज तेथे कड्यांना जाळ्या आहेत, पावसाळ्यात गाड्या हळू धावतात. म्हणजे उपाय होते! मग ते आधी का नव्हते? आणि त्यानंतरही २०१५ च्या जुलैत द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ धोंडे मोटारींवर कोसळलेच ना?

आमची मागणी साधी आहे. घाटातल्या प्रत्येक तोडलेल्या कड्याची पाहणी वैशाखातच व्हावी आणि पाहणाऱ्याच्या सहीनिशी तिचा निकाल तेथेच फलकावर लागावा. मग कडा कोसळलाच, तर जाब कोणाला विचारायचा, हे तरी कळेल!