झेंडावंदनानंतरची सभा

उद्या, प्रजासत्ताक दिनी सकाळी दिल्लीत कर्तव्यपथावर राष्ट्रपती तिरंगा फडकावतील, एकवीस तोफांची सलामी होईल, पथके पावलाला पाऊल जुळवत पुढे सरकतील आणि हवाई दलाची विमाने माथ्यावरून जातील. तोवर इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यात शाळेचे आणि ग्रामपंचायतीचे झेंडावंदन आटोपलेले असेल, मुले खाऊ घेऊन घरी येऊन टीव्हीपुढे बसलेली असतील. बारामतीहून उडणारी शिकाऊ विमाने या पट्ट्यात एरवीही दिसतात, त्यांचे फारसे अप्रूप राहिलेले नाही. तरी २६ जानेवारीची विमाने दिसली की घरातली म्हातारी माणसेही हातातले काम थांबवतात. ज्या घरातला मुलगा फौजेत आहे, तिथे तर त्याच्या रेजिमेंटचे पथक येईपर्यंत कोणी जागचे हलत नाही. हा अभिमान खरा आहे आणि तो जपलाच पाहिजे.

१९५० सालचे पहिले संचलन राजपथावर, म्हणजे आजच्या कर्तव्यपथावर नव्हे, आयर्विन स्टेडियममध्ये झाले. इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो पाहुणे होते, शंभरावर विमाने आकाशात होती. फाळणीला जेमतेम अडीच वर्षे झाली होती. नुकतेच एकत्र आलेले संस्थानी आणि ब्रिटिश मुलूख एका देशाचे आहेत, हे लोकांना डोळ्यांनी दिसणे तेव्हा गरजेचे होते. पुढे जागा बदलत गेल्या आणि १९५५ पासून हा सोहळा राजपथावर स्थिरावला. त्याच रस्त्यावर २०१५ साली महाराष्ट्राने पंढरीच्या वारीचा चित्ररथ नेला आणि पहिला क्रमांक मिळवला.

बारामती-इंदापूरला त्याचे कौतुक जरा जास्तच, कारण तुकोबांची पालखी आमच्याच वाटेने जाते. काटेवाडीत परीट बांधव धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्या रथाभोवती धावतात. बेलवाडीला पहिले गोल रिंगण. पताकावाले, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, विणेकरी आणि मग अश्व. अश्व दौडून गेला की भोवतीचा जमाव टापांखालची माती कपाळाला लावायला धावतो. आसपासच्या गावांतली माणसे भाकरी, पिठले, पाणी घेऊन रस्त्यावर उभी असतात आणि जमेल तेवढी दिंडीबरोबर चालतात. नुसते बघून परत फिरणारा तिथे विरळाच. चित्ररथावर वारीचे रूप दाखवता आले, तिच्यातला हा सहभाग ट्रॅक्टरवर चढवता येत नाही.

प्रजासत्ताक दिनातही असा सहभाग हवा, असे आम्हांला मनापासून वाटते आणि त्याची जागा गावातच आहे. महाराष्ट्रात २६ जानेवारीला ग्रामसभा घेण्याची रीत आहे. झेंड्याला सलामी देणारा प्रत्येक मतदार तिचा सभासद असतो. खर्चाचा हिशेब, घरकुलाच्या यादीतली नावे, पाणी, रस्ता हे सारे तिथे उभे राहून विचारता येते. राज्यघटनेने माणसाच्या हाती दिलेला अधिकार इतक्या जवळून वापरायला दुसरी जागा नाही. आणि गणपूर्ती किती लागते? मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल ती. तेवढीही माणसे न जमल्याने सभा तहकूब होतात, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे गाव घरी बसते आणि गावाच्या नावाने ठराव मूठभर माणसांत मंजूर होतात. एका गावाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही, हे सर्वदूर चालते. आम्हांला ते फार लागते, कारण रिंगणात हजारोंनी शिस्तीने उभे राहणारी माणसे हीच आहेत.

म्हणून उद्यासाठी एवढे करावे. झेंडावंदनाला आलेल्यांनी राष्ट्रगीत संपताच घराकडे वळू नये. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती कागदावर उरकली नसेल तर तिथले ठराव सर्वांसमोर आधी वाचावेत. मागच्या सभेचे इतिवृत्त मोठ्याने वाचायला लावावे. हजेरीच्या वहीवर सही सभेतच करावी, वही दारात आली तर परत पाठवावी. आणि दिल्लीचे संचलन? ते दिवसभर पुन्हा पुन्हा दाखवतात, दुपारी सगळ्यांनी मिळून बघावे.