इंजिनिअरिंगनंतर डिझाइन: हा रस्ता आपलाही आहे

आमच्या मलकापुरात इंजिनिअरिंगची पदवी म्हणजे नोकरीची पावती. पोरगा पास झाला, पुण्याला गेला, घरी पैसे येऊ लागले, बहिणीचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला. हा हिशेब चुकीचा नाही, आमच्या घरातही तो असाच झाला. पण त्यामुळे पुढे शिकायचं म्हटलं की आपल्याला एम.टेक. आणि एमबीए एवढंच सुचतं. एम.डेस.चं नाव काढलं तर समोरचा विचारतो, "म्हणजे कपड्यांचं का?"

कपड्यांचं नाही. माणूस जी वस्तू रोज हाताळतो ती कशी असावी, हे ठरवण्याचं काम म्हणजे औद्योगिक डिझाइन. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी जोडप्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. इथल्या वस्तूंमध्ये त्यांना सर्वांत भावला तो साधा लोटा. तो कमरेवर कसा बसतो, भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, हाताला कसा लागतो, किंमत किती, असे प्रश्न त्यांनी मांडले. पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी आणि १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, म्हणजे आयडीसी, सुरू झालं. रुपयाचं चिन्ह करणारे उदय कुमार या आयडीसीतलेच. विंडोजवर आपण वर्षानुवर्षं वाचलेला 'मंगल' फॉन्ट ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशीही इथे शिकवत होते.

लोट्याचा भाऊ आपल्याकडे आहे: तोटीचा बधना. धार बारीक, त्यामुळे वजूला पाणी बेताचं लागतं. आता मशिदीत नळ आले. दोन्ही हात कामात, म्हणून नळ चालूच राहतो. गुडघे धरलेल्या चाचांना सिमेंटच्या ठोकळ्यावरून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. स्कार्फवर हेल्मेट नीट बसत नाही, हे आपल्या बहिणी रोज सोसतात. हे प्रश्न कुठल्या कंपनीच्या यादीत आपोआप कसे येतील? त्या ठोकळ्यावर बसलेला, ते हेल्मेट घातलेला कुणी डिझाइनच्या वर्गात पोचला तरच येतील.

आणि हे काही फक्त आपल्यापुरतं नाही. शाहूवाडीच्या पावसात भात लावणाऱ्या बायका इरलं घ्यायच्या, कारण वाकून दोन्ही हातांनी काम करताना छत्रीचा उपयोग शून्य. इरलं गेलं, त्या जागी प्लास्टिकची खोळ आली, तिच्यात जीव गुदमरतो. यावर दोन वर्षं काम करावं असा हा विषय आहे, आणि तो मलकापूरच्या पोराला कुणी शिकवावा लागत नाही.

आपल्यात शिकलगार आहेत, पिंजारी आहेत, वेल्डिंगवाले आणि मेस्त्री आहेत. हत्यारांवर जगलेली ही घरं पोरांना काय सांगतात? "शीक, नाहीतर गॅरेजात बसावं लागेल." मला हे वाक्य मनापासून खटकतं. डिझाइनच्या शिक्षणात लाकूड, पत्रा, माती हाताळणारा हात ही जमेची बाजू असते. आपण तीच लपवायला शिकवतो.

प्रवेशासाठी 'सीड' ही परीक्षा आहे. आयआयटी मुंबई ती घेते, साधारण जानेवारीत. वयाची अट नाही, कितीदाही बसता येतं, गुण एक वर्ष चालतात. पहिला भाग संगणकावर, दुसऱ्यात हाताने रेखाटायचं. पुढे संस्थेनुसार पोर्टफोलिओ आणि मुलाखत. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्यांना ती टोचते, पण चार वर्षं इंग्रजीतून इंजिनिअरिंग केलेल्याला अडवणार नाही.

अडवतो तो पैसा. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिशी ओलांडली आहे आणि येत्या जानेवारीला 'सीड'ला बसतोय. प्रवेश मिळाला तर दोन वर्षं पगार बंद. घराचा हप्ता, अब्बांची औषधं, धाकट्याची फी हे सगळं मी कागदावर मांडलं, तेव्हा अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. हा निर्णय एकट्याने घेण्यासारखा नसतो. १९०६ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग काढलं, कारण हुशारी असूनही राहण्या-जेवण्यापायी पोरं मागे पडत होती. आज आपल्या जमाती डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्यांना मदत करतात, ते चांगलंच आहे. त्या अर्जावर एम.डेस. हा शब्द घालायला काय हरकत आहे? रमजानआधी आपापल्या गावच्या कमिटीला हे विचारा.

पोर्टफोलिओत काय घालू, असं एका पोराने मला विचारलं. त्याचे मामू वेल्डर आहेत. ग्रिलच्या सगळ्या सळ्या एकाच मापात वाकवायला त्यांनी भंगारातून एक साचा केलाय. तो आधी काढ म्हटलं, समोरून, बाजूने, आणि मामूंचा हात त्यावर असताना.