दाखल्यात न उतरलेला एक शब्द

‘हृदयक्रिया बंद पडल्याने निधन’ हे शब्द निधनवार्तेत चालतात. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय दाखल्यात चालत नाहीत. हृदय अखेरीस प्रत्येकाचेच बंद पडते. ते कशामुळे पडले, हे दाखल्याने सांगावयाचे असते.

हृदयाच्या झडपांच्या विकारांत हे मौन विशेष घातक ठरते. भारतात या विकारांचे एक प्रमुख कारण म्हणजे बालपणी घसा सुजल्यानंतर उद्भवणारा ऱ्हुमॅटिक ताप. दाटीची वस्ती आणि अपुरे उपचार यांच्याशी त्याचे नाते जुने आहे. दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन मिळत राहिले, तर तापाची पुनरावृत्ती व झडपेची पुढील हानी बहुतांशी टळते. उतारवयात महाधमनीची झडप कॅल्शियम साचून ताठर होते, तो प्रकार सर्वस्वी निराळा. पहिल्यासाठी गावोगाव स्वस्त औषध हवे, दुसऱ्यासाठी शस्त्रक्रियेची सोय. कशाची गरज किती, हे नोंदींवरूनच ठरावयाचे.

रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत ऱ्हुमॅटिक झडपविकारांना आय ०५ ते आय ०८ आणि इतरांना आय ३४ ते आय ३७ असे सांकेतिक क्रमांक आहेत. डॉक्टरांनी कारण लिहिलेच नाही, तर वर्गीकरण स्वतः गृहीत धरते. ‘मायट्रल झडप अरुंद’ एवढेच लिहिल्यास विकार ऱ्हुमॅटिक समजला जातो. ‘मायट्रल झडप गळते’ एवढेच लिहिल्यास तो ऱ्हुमॅटिक नव्हे असे समजतात. बालपणी हा ताप येऊन झडप गळू लागलेल्या पंचविशीतील स्त्रीची नोंद अशा रीतीने एका शब्दावाचून भलत्याच रकान्यात जाते. क्रमांक देणाऱ्या कारकुनाला दोष देणे अन्यायाचे. त्याच्यापुढे कागद असतो, रोगी नव्हे. आणि नुसते ‘हृदय निकामी’ लिहिले, तर झडपेचा मागमूसही उरत नाही.

मुळात देशात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने प्रत्येक रुग्णालयावर, ते सरकारी असो वा खासगी, मृत्यूच्या कारणाचा दाखला विनामूल्य देण्याचे बंधन घातले; त्यात आजाराचा पूर्वेतिहासही अपेक्षित आहे. दाखल्यांची संख्या यामुळे वाढेल. परंतु तात्कालिक कारण वरच्या ओळीत आणि मूळ कारण सर्वांत खालच्या ओळीत, ही साधी रीत तरुण डॉक्टरांच्या हाती बसविणे कायद्याच्या कलमाने होत नाही. ते काम वैद्यकीय महाविद्यालयांचे आहे, आणि दाखल्यावर सही होण्यापूर्वी तो वाचून पाहणाऱ्या वरिष्ठांचे.