दुकान आणि गिऱ्हाईक

गेल्या उन्हाळ्यातील एका शनिवारी आमच्या घराजवळच्या वळणावर शेजारची आठ-नऊ वर्षांची मुलगी घडीचे टेबल मांडून लिंबाचे सरबत विकत बसली होती. पुठ्ठ्यावर रंगीत खडूने भाव लिहिलेला : एक पेला, एक डॉलर. येणारे-जाणारे मोटारी थांबवून सरबत घेत होते. एका वृद्ध गृहस्थांनी पाच डॉलरची नोट दिली आणि उरलेले पैसे राहू दे म्हणाले. मुलीने ते मानले नाही. तिने आणखी चार पेले भरून त्यांच्या पुढ्यात ठेवले. आजोबांनी हसत ते सगळे मोटारीत नेऊन ठेवले.

असले टेबल अमेरिकेत इतके पवित्र मानले जाते की टेक्सासच्या विधिमंडळाने २०१९ साली त्यासाठी खास कायदा केला. मुलांनी सरबत विकायला परवाना लागू नये, एवढ्याचसाठी. आमच्यापैकी ज्यांचे बालपण मराठवाड्यात किंवा विदर्भात गेले त्यांनी क्षणभर डोळे मिटून विचार करावा. आपली मुलगी रस्त्याच्या कडेला सरबत विकताना दिसली असती, तर आईने तिला दंडाला धरून घरात आणले असते. "लोक काय म्हणतील? बापाने एवढे शिकून नोकरी मिळवली ती याच्यासाठी?"

हे सारे आठवायचे कारण म्हणजे गेल्या महिन्यातील आमच्या मंडळाची बैठक. वंदना आटोपली, जेवणाची पाने पडली, आणि आमच्यातील एका तरुणाने सांगितले की संगणकाची सात वर्षांची नोकरी सोडून तो वऱ्हाडी जेवणाची गाडी सुरू करणार आहे. त्याच्या पत्नीला हे ठाऊक होते, आईवडिलांना नव्हते. ते नेमके त्याच आठवड्यात नागपूरहून आलेले. पंक्तीत शांतता पसरली. मग आमच्यातील एक ज्येष्ठ म्हणाले, "बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले. भजी तळा म्हणून नव्हे."

त्या वाक्याला त्या दिवशी कोणी उत्तर दिले नाही. ते या सदरात द्यावे असे आम्हांला वाटते. मात्र ज्येष्ठांच्या रागाला खोटे ठरवून नव्हे, कारण त्या रागामागे इतिहास आहे.

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी' ही म्हण आपण सर्वांनी शाळेत ऐकली. ती ज्यांनी रचली त्यांच्यापाशी शेत होते आणि बाजारात बसायला जागा होती. आपल्या पूर्वजांपाशी यांतले काहीच नव्हते. त्यांच्या वाट्याला आले ते वतन. नावाने वतन, प्रत्यक्षात पिढ्यान्‌पिढ्यांचे बंधन. गावकीची कामे करायची, सरकारी टपाल वाहायचे, मेलेली ढोरे ओढायची आणि खळ्यावर जे बलुते मिळेल ते पदरात घ्यायचे. त्या व्यवस्थेत स्पर्धेला जागा नव्हती. सुताराचा मुलगा सुतार, कुंभाराचा कुंभार. काम चांगले केले म्हणून मोबदला वाढत नसे आणि काम आवडत नाही म्हणून सोडता येत नसे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याचसाठी. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांचे प्रसिद्ध विधान आपण भाषणांत अनेकदा ऐकतो. परंतु ते अर्थशास्त्रज्ञाचे विधान आहे हे विसरतो.

अशा स्थितीत सरकारी नोकरी हीच आपली उत्तम शेती झाली, यात नवल नाही. तिथे परीक्षा होती, राखीव जागा होत्या आणि पहिल्या तारखेला पगार होता. दुकान काढायचे तर गिऱ्हाईक कुठून आणायचे?

हा प्रश्न कल्पनेतला नव्हे. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे गृहस्थ नोकरीला होते. हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून सवर्ण सेवकांनी त्यांना निर्दयपणे मारले. महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा करण्यास मदत केली आणि भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हे चहाचे हॉटेल उभे राहिले. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला. तरीही अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? मग छत्रपतींचीच गाडी त्या दारात थांबू लागली. महाराज चहा मागवत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. राजाने कप उचलल्यावर इतरांना नाही म्हणणे अवघड होई. ही गोष्ट शाहू महाराजांच्या थोरवीची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु तिची दुसरी बाजू पाहा. चहाचे एक दुकान चालायला साक्षात राजा लागत होता. प्रत्येक गंगारामासाठी राजा कुठून आणणार?

मुंबईत राजा नव्हता. बाबासाहेब १९१३ ते १९१६ अशी तीन वर्षे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. १९१५ साली त्यांनी एम. ए.साठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषयच होता प्राचीन भारतातील व्यापार. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दान देणारा वैजयंतीचा भूतपाल हा श्रेष्ठी होता, म्हणजे व्यापारी. नाशिकच्या लेण्यात विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवल्याचा आणि त्यावरील मासिक व्याजाचा दरसुद्धा कोरलेला आहे. आपल्या डोंगरांत धम्म आणि धंदा एकाच दगडावर कोरलेले आहेत. (हे आम्ही ज्येष्ठांना त्या दिवशी सांगायला हवे होते. पुरणपोळीने तोंड बंद होते.) हे सगळे अभ्यासून, जगातील नामांकित अर्थशास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकून बाबासाहेब १९१७ साली परतले. बडोद्याचा अपमान सोसून मुंबईला आले आणि पोटासाठी शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी एक लहानशी पेढी त्यांनी उघडली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके गेली. पेढी बंद पडली. १९१८च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

सल्ला चुकीचा निघाल्याने गिऱ्हाईक गेले असते तर ती स्पर्धा. सल्ला बरोबर असूनही ते गेले. स्पर्धेतील पराभव आणि स्पर्धेलाच मज्जाव यांतील अंतर समजून घेण्यासाठी आम्हांला याहून चांगले उदाहरण ठाऊक नाही.

आता अमेरिकनांच्या मनात धंद्याविषयी एवढा आदर कुठून आला? आम्ही इथे आलो तेव्हा वाटले, पैशाचा लोभ, दुसरे काय. राहू लागल्यावर ते उत्तर अपुरे वाटू लागले. बेंजामिन फ्रँकलिन यांनी आयुष्यात शास्त्रज्ञ, मुत्सद्दी, राष्ट्राचे संस्थापक अशी सगळी बिरुदे मिळवली. मृत्युपत्र करताना मात्र स्वतःच्या नावापुढे प्रथम लिहिले ते 'मुद्रक'. वकिलातीचे पद त्यानंतर. छापखान्यातील शाई त्यांना कमीपणाची वाटली नाही. १७८७च्या राज्यघटनेने सरदारकीच्या पदव्या देण्यास बंदी घातली. ज्या देशात जन्माने मिळणारी पदवीच नाही, तिथे माणसाची ओळख तो काय करतो यावरून ठरणार. १८३१ साली आलेला फ्रेंच प्रवासी तॉकव्हिल याने नेमके हेच टिपले : इथे प्रत्येक प्रामाणिक काम सन्मानाचे मानले जाते, कारण प्रत्येकजण मोबदल्यासाठीच काम करतो. राष्ट्राध्यक्षही पगार घेतो आणि गडीही.

दुसरे कारण आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. इथे धंदा बुडणे म्हणजे अब्रू बुडणे नव्हे. दिवाळखोरीचा कायदा करण्याचा अधिकार घटनेतच संसदेला दिलेला आहे. कर्जापायी तुरुंगात टाकण्याची प्रथा संघराज्याने १८३३ साली बंद केली. हेन्री फोर्ड यांची पहिली मोटार कंपनी १९०१ साली मोडीत निघाली, दुसरीतून ते बाहेर पडले आणि १९०३ साली तिसरी काढली ती चालली. आपल्याकडे 'दिवाळे निघाले' म्हटले की घरातील मुलीच्या लग्नापर्यंत ती बातमी पोहोचते. पडल्यावर उठू देणाऱ्या समाजातच माणसे धावायला धजतात.

आणि स्पर्धेचे प्रेम म्हणजे जिंकणाऱ्याची पूजा, असेही नाही. १८९० साली मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा झाला आणि त्याच्या आधारे १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे करवले. शर्यत इतक्या दूरपर्यंत जिंकायची नाही की दुसऱ्यांना पळायला रस्ताच उरू नये, असा तो निवाडा होता. हे तत्त्व अमेरिका नेहमी पाळते असे आम्ही म्हणणार नाही. बाबासाहेबांनाही खुल्या बाजाराचे भाबडे कौतुक नव्हते. १९४७च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग, विमा आणि शेतीसुद्धा सरकारच्या मालकीची असावी, अशी मागणी केली होती.

त्यांच्याच न्यूयॉर्क मुक्कामाच्या काळात कोलंबियाला लागून असलेल्या हार्लेममध्ये एका कृष्णवर्णीय स्त्रीचा कारभार वाढत होता. सारा ब्रीडलव्ह, जगाला ठाऊक असलेले नाव मॅडम सी. जे. वॉकर. १८६७ साली लुइझियानातील कापसाच्या मळ्यावर, नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या आईबापांच्या पोटी जन्मल्या. वर्षानुवर्षे दुसऱ्यांची धुणी धुतली, मग कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसांसाठी मलमे तयार करून दारोदार विकली. १९१२ साली शिकागोत कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांची परिषद भरली असता अध्यक्ष बुकर टी. वॉशिंग्टन त्यांना बोलू देईनात, तेव्हा त्या जागेवरून उठल्या आणि आपण मळ्यातून धुण्याच्या टबापर्यंत व तिथून स्वतःच्या कारखान्यापर्यंत कशा आलो ते सांगून मोकळ्या झाल्या. पुढल्या वर्षी त्यांना मानाने वक्ता म्हणून बोलावण्यात आले.

इथेच थांबलो तर गोष्ट गोड होईल. परंतु १९२१ साली ओक्लाहोमातील टल्सा शहरात ग्रीनवूड ही कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांची भरभराटलेली वस्ती गोऱ्या जमावाने ३१ मे आणि १ जून या दोन दिवसांत जाळून टाकली. सुमारे ३५ चौक भस्मसात झाले. हॉटेले, दवाखाने, नाट्यगृह, सारे. विम्याचे दावेही फेटाळले गेले. धंद्याचा आदर करणाऱ्या देशात धंदा कोणाचा, हा प्रश्न त्या दिवशी विचारला गेला. कोल्हापुरात गिऱ्हाईक आले नाही. टल्सात जमाव आला.

मग आमच्या तरुणाने काय करावे? त्याची अडचण कोल्हापूरची नाही आणि टल्साचीही नाही. दुपारी भुकेलेला कारकून गाडीपुढे उभा राहील तेव्हा तो वडाभात तिखट आहे का एवढेच विचारील, आडनाव विचारणार नाही. (विचारलेच तर विचारणारा बहुधा आपल्याच देशातील असेल, २०२३ साली सिएटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा उगाच करावा लागला नाही.) त्याची अडचण भांडवलाची आहे. त्याचे ग्रीन कार्ड आले म्हणून तो हा विचार तरी करू शकतो. एच-१बी व्हिसावर असलेल्या आमच्या कित्येकांना अशी नोकरी सोडण्याची सोयच नाही. त्यातून इथला आरोग्यविमा बहुधा नोकरीला बांधलेला. म्हणजे वतनाची दोरी अगदीच तुटली असे नाही, ती लांब झाली आहे.

गुजराती पटेल मंडळींकडे पाहावे. अमेरिकेतील मोटेलांचा फार मोठा हिस्सा आज त्यांच्या हाती आहे. पहिल्या पिढीला बँकांनी नव्हे, मामा-काकांनी पैसे दिले, तेही बहुधा तोंडच्या शब्दावर. आमच्या मामा-काकांनी आम्हांला पुस्तके दिली, कारण त्यांच्यापाशी द्यायला तेवढेच होते. भारतातही हे ओळखले गेले आहे. पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेल्या दलित उद्योजकांच्या चेंबरचे, अर्थात डिक्कीचे, मुख्य सूत्रच नोकरी मागणारे नव्हे तर देणारे व्हा, असे आहे. केंद्र सरकारच्या २०१२च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी ४ टक्के खरेदीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. गिऱ्हाईक येत नसेल तर निदान सरकारने गिऱ्हाईक व्हावे. शाहू महाराजांच्या गाडीचेच हे शासकीय रूप, असे आम्हांला वाटते.

सांगण्यास आनंद वाटतो की बैठकीनंतर आमच्यापैकी अकरा कुटुंबांनी भिशी सुरू केली आहे. दरमहा ठरावीक रक्कम, पहिली उचल गाडीसाठी. भजीविषयी बोलणाऱ्या ज्येष्ठांनी नाव घातले नव्हते. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच करडा. त्यांनी दोन प्रश्न विचारले : हिशेब कोण ठेवणार, आणि ते स्वतः निवृत्त लेखापरीक्षक आहेत हे आम्ही विसरलो की काय?